तिसऱ्या दिवसाचा ठिपका

"बोलू नकोस. अजून दीड मिनिट आहे," तो म्हणाला.

बायकोला काहीतरी तातडीचं सांगायचं होतं. पण जिभेखाली थर्मामीटर, आणि नवरा हातात घड्याळ घेऊन उशाशी बसलेला. ती नुसतीच ऊं ऊं करत राहिली.

"हाताने सांग."

हाताने तिने जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मात्र ढिम्म. पाच चाळीसला सुरुवात झाली होती, पाच पंचेचाळीसला संपणार होती. मधे पोरगी रडो, दूधवाला येवो, नाहीतर छप्पर पडो. वेळ झाली तशी त्याने थर्मामीटर अलगद काढून घेतला, डोळ्यांसमोर आडवा धरला आणि पाऱ्याच्या टोकाशी नजर सरळ आणली.

"छत्तीस पॉइंट तीन. दुरुस्ती धरून चार."

"संडासला जायचंय म्हणत होते," बायको म्हणाली आणि पळाली.

हवामान केंद्रावर त्याला सगळे पारा म्हणत. बारा वर्षं तो तिथे नोंदणीला होता. आवारातल्या पांढऱ्या जाळीदार पेटीचं दार सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला उघडायचं, आतले थर्मामीटर वाचायचे आणि आकडे वहीत लिहायचे, एवढंच त्याचं काम. स्वभावाने माणूस इतका थंड, की हा पारा चढलेला कुणी पाहिला नव्हता. केंद्रावर त्याच्या वहीला मान होता. त्याच्या आधीचा नोंदणीवाला घरी पांघरुणात पडूनच आकडे लिहायचा. एकदा गारा पडल्या त्या दिवशीही त्याने 'हवा कोरडी, आकाश निरभ्र' असं लिहून ठेवलं आणि नोकरीला मुकला. पाराने रुजू झाल्या दिवशीच कानाला खडा लावला होता. चुकलेली नोंद कोरी सोडायची, मनाने भरायची नाही.

घरातला हा थर्मामीटर आला तो बायकोच्या शिक्षणापायी. लग्नाआधी तिने रक्त-लघवी तपासण्याच्या प्रयोगशाळेची दोन वर्षांची पदविका सुरू केली होती. लग्न झालं, पोरीच्या वेळी दिवस गेले, ओकाऱ्यांनी बेजार झाली आणि पदविका अर्धी सुटली. आता सहा वर्षांनी पुन्हा प्रवेश मिळाला होता. वयाच्या अटीत ती जेमतेम बसली होती. एकदा सुटलं ते सुटलं. यावेळी सुटलं तर तिसऱ्यांदा दारातही उभं करणार नव्हते. हे ती पोळ्या लाटताना म्हणायची, केस विंचरताना म्हणायची, झोपेत म्हणत असली तरी नवल नाही.

तेव्हा दुसरं मूल दोन वर्षं तरी नको, हे पक्कं. गोळ्यांनी तिचं डोकं ठणकायचं. तांबी बसवली तर पोटात कळा येऊन महिनाभर आडवी, शेवटी काढून टाकली. मग दोघं दवाखान्यातल्या सिस्टरकडे गेले. सिस्टर पन्नाशीची, आवाजाने खणखणीत आणि बोलायला बिनधास्त.

"आणखी एक मार्ग आहे, पण त्याला शिस्त लागते," सिस्टर म्हणाली. "बाई रोज काही गाभण राहत नसते. महिन्यातून एकदा बीज सुटतं, ते एखादा दिवस टिकतं. पुरुषाचं बीज मात्र आत पाच-पाच दिवस तग धरून बसतं, पाहुण्यासारखं. म्हणजे धोक्याचे दिवस मोजकेच. ते ओळखायचे, त्या दिवसांत लांब राहायचं नाहीतर कंडोम वापरायचा."

"ओळखायचे कसे?" पाराने खुर्ची पुढे ओढली.

"बीज सुटलं की अंगाचं तापमान थोडं वर चढतं. दोन-तीन दशांशांचा खेळ. सकाळी जाग आल्याबरोबर, अंथरुणातून उठण्याआधी मोजायचं. आधीच्या सहा दिवसांपेक्षा वर असे सलग तीन दिवस दिसले, की तिसऱ्या संध्याकाळपासून मोकळे. दुसरी खूण हिची हिलाच कळेल. अंगावरून जातं ते आधी चिकट असतं, मग ओलं, बुळबुळीत, अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जातं, आणि बीज सुटून गेलं की आटतं. दोन्ही खुणा जुळल्या पाहिजेत. एक हो म्हणते आणि दुसरी नाही म्हणते, तर नाही समजायचं."

बायको लाजून भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती. पारा वही काढून लिहून घेत होता.

"म्हणजे कधी सुटणार ते आलेखावरून आधी कळत नाही?"

"नाही. आलेख झालेलं सांगतो, होणार ते सांगत नाही."

"आमच्या पेटीसारखंच की," पारा खूश होऊन म्हणाला.

"एक सांगून ठेवते," सिस्टर म्हणाली. "काटेकोर पाळणाऱ्यांचं निभतं. पण चालढकल करणाऱ्यांमधल्या शंभरातल्या वीसेक जणी वर्षाच्या आत माझ्यासमोर पोट घेऊन येतात. तेव्हा नवरे बरोबर नसतात."

पारा काटेकोर नव्हता तर जगात कोण काटेकोर होतं? दवाखान्यातून मिळालेला थर्मामीटर तो केंद्रावर घेऊन गेला. कोमट पाण्याच्या भांड्यात केंद्राच्या प्रमाण थर्मामीटरशेजारी बुडवून त्याने तो ताडून पाहिला. एक दशांश कमी दाखवत होता. मग केंद्रावरच्या प्रत्येक थर्मामीटरचं असतं तसं त्याने याचंही दुरुस्ती-पत्रक बनवलं: अधिक शून्य पॉइंट एक. सिस्टर पोट धरून हसली. "अहो, रोज तोच वापरा म्हणजे झालं. दुरुस्ती कसली करताय?" पण पाराला दुरुस्तीशिवायचा आकडा उघडा-नागडा वाटायचा.

आई तेवढी बुचकळ्यात पडली होती. "सुनेला रोज ताप येतो का रे?" तिने दुसऱ्याच आठवड्यात विचारलं.

"नाही गं. नोंद ठेवतोय."

"कसली?"

"हवामानाची," पारा म्हणाला, आणि बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

त्या महिन्यांत त्याला एक वेगळाच छंद लागला. आलेखाच्या कागदावर रोज एक ठिपका. पंधरा दिवस खालच्या पट्टीत वळवळ, मग एक दिवस उडी, मग वर पठार, आणि पाळी आली की धप्पकन खाली. महिना संपायचा, नवा कागद लागायचा, आणि पुन्हा तीच रेघ, पण दर वेळी जरा निराळी. परीक्षेच्या ताणाचा महिना दोन दिवस लांबला. पोरीच्या तापात जागरण झालं तर एक ठिपका उगाच वर गेला. तो त्याने कंसात टाकला. बारा वर्षं आपण वारा मोजला, पाऊस मोजला, जमिनीखाली हातभर खोल उकरून तिथलीही उष्णता मोजली, आणि शेजारी झोपणाऱ्या बाईच्या अंगात दर महिन्याला एवढं घडतं याचा आपल्याला पत्ता नव्हता, या विचाराने तो थक्क व्हायचा. आलेखाखालचा एक रकाना बायकोचा होता. कोरडं, चिकट, ओलं. सुरुवातीला ती लिहायला संकोचायची, मग सरावली. रात्री मुकाट्याने एक शब्द लिहायची आणि पेन्सिल त्याच्या हातात द्यायची. सात महिने सगळं सुरळीत चाललं. दोघांत हसणं वाढलं होतं. तिसऱ्या दिवशी पारा सकाळपासूनच गुणगुणत असे.

आठव्या महिन्यात माशी शिंकली. म्हणजे बायकोच शिंकली. सर्दीने नाक चोंदलं, अंग कसकसलं. तेराव्या आणि चौदाव्या दिवशी आकडा वर गेला. आधीच्या सहा दिवसांवरून आखलेली रेघ होती छत्तीस पॉइंट पाचची, ठिपके पडले सातवर. सर्दीचे आकडे कंसात टाकायचे हे त्याला ठाऊक होतं. पण सर्दी काही ताप नव्हे, असं त्याने स्वतःला समजावलं.

पंधरावा दिवस रविवारचा. आई नातीला घेऊन दिवसभरासाठी मुलीकडे जाणार होती. लग्न झाल्यापासून घर असं रिकामं मिळालं असेल तर दोनदा. आदल्या दिवशी बायकोच्या प्रात्यक्षिकाचे गुण कळले होते. वर्गात पहिली. स्वारी अशी खुशीत, की झोपेतही हसत होती. पहाटे तिने थर्मामीटर तोंडात धरला, डोळे न उघडताच परत दिला आणि कूस बदलली.

पाराने नजर सरळ आणली. छत्तीस पॉइंट तीन.

त्याने थर्मामीटर फिरवून पुन्हा वाचला. तीनच. मग तो विचार करत बसला, आणि विचार करत बसला इथेच घोडं पेंड खातं. एक दशांश तर दुरुस्तीचा. खिडकी रात्रभर उघडी होती, तिचा एक धरायला हरकत नाही. नाक चोंदल्यामुळे तोंड उघडं ठेवून झोपली होती, तोंड गार पडतं, त्याचा एक. झाले तीन दशांश. छत्तीस पॉइंट सहा. रेघेच्या वर. पेन्सिलीला टोक करून त्याने ठिपका दिला, ठसठशीत.

संध्याकाळी घरात दोघंच होती. बायको केस पुसत येऊन शेजारी बसली.

"तिसरा दिवस ना आज?"

"हो."

"मला अजून ओलं वाटतंय रे. आटलं नाहीये." ती थांबली. "तुझा आलेख काय म्हणतो?"

"वर आहे."

"मग असेल," ती म्हणाली. "तुझा आकडा कधी चुकलाय?"

सोमवारी थर्मामीटर छत्तीस पॉइंट चारवर. मंगळवारी तीन. बुधवारी चार. पाराने ते आकडे जसेच्या तसे मांडले, तेवढी लाज त्याला शिल्लक होती. पण वही मिटून तो खणात ठेवायला लागला. बायको सहामाही परीक्षेच्या गडबडीत, आपला रकानाही भरेना, ती कागद बघायची नाही, नुसतं विचारायची, "ठीक?" आणि तो म्हणायचा, "ठीक." विसाव्या दिवशी खरी उडी आली. एकविसाव्याला पुन्हा वर, बाविसाव्याला पुन्हा वर. अशी स्वच्छ, सरळ उडी आठ महिन्यांत आली नव्हती. बीज आत्ता सुटलं होतं. आणि रविवारपासून पाहुणा आत बसलेला असू शकत होता. केंद्रावर त्या दिवशी त्याला एकच थर्मामीटर तीनदा वाचावा लागला.

दुपारी तो एकटाच दवाखान्यात गेला. सिस्टरने त्याचं सगळं ऐकून घेतलं. हसली नाही.

"त्या दिवशी, अगदी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आला असतात तरी तातडीची गोळी देता आली असती. आता वाट बघायची. पाळी आली तर आली. वरचा आकडा अठरा दिवसांच्या पुढे टिकला तर घेऊन या तिला." मग तिने चष्मा काढला. "तिला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग मला कशाला सांगताय? अंग तिचं आहे."

तो घरी आला आणि मूग गिळून बसला. आज सांगू, उद्या सांगू. तिची परीक्षा होऊ दे, मग सांगू. अठ्ठाविसावा दिवस आला, पाळी आली नाही. एकोणतीस, तीस. बायकोचं जेवणावरून लक्ष उडालं. पोरीवर खेकसायला लागली. एकदा वर्गातून येऊन चप्पल न काढताच पलंगाच्या कडेवर बसली आणि बोटांवर काहीतरी मोजत राहिली. शेवटची परीक्षा सात महिन्यांवर होती.

पाराची खरी कोंडी वेगळीच होती. उशीर झाला याचा अर्थ दिवस गेले असा नव्हता; बीजच पाच दिवस उशिरा सुटलं होतं, तर पाळीही तेवढीच मागे जाणार. हे त्याला माहीत होतं. ती जे चार दिवस जळत होती त्यातले चारही दिवस एका वाक्याने पुसता आले असते. पण ते वाक्य सांगायचं, तर त्याआधीचंही सांगावं लागणार होतं.

बत्तिसाव्या दिवशी सकाळी थर्मामीटर छत्तीस पॉइंट आठवर होता. तो आकडा सांगेपर्यंत बायको उठून बसली होती.

"आपण सगळं पाळलं ना रे?" ती हळू आवाजात म्हणाली. "मग कुठे चुकलं? माझंच चुकलं. मला ओलं वाटत होतं त्या दिवशी. सिस्टर म्हणाल्या होत्या, दोन्ही जुळलं पाहिजे. मी कळत असून ऐकलं नाही. माझीच हौस. आता घ्या, पुन्हा सोडा, बसा घरी."

ती स्वतःच्याच कपाळावर हात मारत होती. पाराने तो हात धरला.

"तुझं नाही चुकलं. तिसऱ्या दिवशीचा आकडा खाली होता."

"म्हणजे?"

"मी वर लिहिला."

बाहेर पोरीला उठवणाऱ्या आईचा आवाज येत होता. बायकोने हात सोडवून घेतला. रडली नाही, ओरडली नाही. प्रयोगशाळेत विचारावं तसं एकेक विचारत गेली.

"किती होता?"

"तीन."

"लिहिलास किती?"

"सहा."

"पुन्हा का नाही मोजलंस? आमच्याकडे शंका आली तर नमुना पुन्हा घेतात."

तो चादरीची सुरकुती सरळ करत राहिला.

"का लिहिलास?"

"खिडकी उघडी होती," त्याने सुरुवात केली, आणि ती नुसती बघत राहिली तेव्हा त्याचं त्यालाच ते ऐकवेना. "मला त्या दिवशी थांबायचं नव्हतं."

"मग तसं म्हणायचं होतंस." तिचा आवाज आता कापायला लागला. "खाली आहे, पण थांबवत नाही, असं म्हणायचं होतंस. कपाटात कंडोमचं पाकीट होतं. कदाचित मीही थांबले नसते. काय सांगावं, मीच म्हणाले असते, होऊ दे काय व्हायचं ते. पण ते मी म्हणाले असते. माझं अंग मला सांगत होतं आणि मी तुझ्या वहीवर विश्वास ठेवला."

त्याने मग उरलेलं सगळं सांगितलं. उशिराची उडी, सिस्टरकडची फेरी, पाळी आणखी दोन-तीन दिवस तशीही येणार नाही हे. बायको ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "हे तुला दहा दिवसांपूर्वी माहीत होतं?"

"हो."

"मी इथे बोटं मोजत बसले होते तेव्हाही?"

"हो."

ती उठली, आंघोळ केली, डबा भरला आणि वर्गाला निघून गेली. संध्याकाळी येऊन म्हणाली, "मला वाचायला शिकव."

"काय?"

"पारा."

त्याने शिकवलं. थर्मामीटर आडवा धरायचा. नजर टोकाच्या अगदी समोर, वर नाही, खाली नाही. हळूहळू फिरवायचा, चांदीची रेघ एकदम दिसते. दिसली की हलायचं नाही. पाच-सात वेळा तिला दिसेना, मग दिसली. "दिसली," ती म्हणाली. सूक्ष्मदर्शकात रक्तातल्या पेशी मोजणारी बाई, तिला कितीसा वेळ लागणार? दुरुस्ती-पत्रक तिने वाचलं आणि परत त्याच्या हातात दिलं. "हे तुझ्याकडेच राहू दे."

चौतिसाव्या दिवशी सकाळी तो साडेआठच्या नोंदीसाठी निघत होता. चपला घालताना ती मागून आली.

"आली," ती म्हणाली.

पारा दाराची चौकट धरून उभा राहिला. जिवात जीव आला, आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि आई समोर भाजी निवडत बसली होती म्हणून त्याने खाली वाकून उगाच चपलेचा पट्टा ओढला. बायको त्याच्याकडे बघत होती. त्याला वाटलं, आता ती खांद्यावर हात ठेवेल.

"सांगितलं नसतंस तरी खपून गेलं असतं, बघ," ती म्हणाली. "मला कधीच कळलं नसतं."

"हो."

"तेच माझ्या डोक्यातून जात नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

नवा कागद लागला तो तिच्या वहीत, तिच्या पिशवीत. घर पहिल्यासारखं चालू झालं. ती पोरीचा अभ्यास घ्यायची, त्याला केंद्रावरच्या गमती विचारायची, कधी हसायचीही. महिना सरता सरता एका संध्याकाळी तिने आपणहून सांगितलं, "आजपासून चालेल." त्याने का म्हणून विचारलं नाही, कितीवर आहे तेही विचारलं नाही. त्याच्या हद्दीतला हा एकच थर्मामीटर होता ज्याचा आकडा त्याला ठाऊक नसे, आणि ठाऊक करून घ्यायची इच्छा काही कमी झाली नव्हती. पाच चाळीसला त्याला जाग यायचीच. जुनी सवय, ती जाते थोडीच.

एका पहाटे अशीच जाग आली. बायको भिंतीला टेकून, थर्मामीटर तोंडात धरून मनातल्या मनात मिनिटं मोजत होती. मग तिने तो काढला, डोळ्यांसमोर धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. आभाळ भरलेलं होतं, खोलीत पुरेसा उजेड नव्हता. ती पापण्या बारीक करून बघत होती आणि तिला रेघ सापडत नव्हती.

त्याला हात पुढे करावासा वाटला. त्याने केला नाही. तो उठला, खिडकीपाशी गेला, पडदा पूर्ण बाजूला सारला आणि बाहेर बघत उभा राहिला. मग मागे वहीचं पान उलटल्याचा आणि त्यावर पेन्सिल टेकल्याचा आवाज आला. ती लिहून, वही मिटून, पिशवीत ठेवेपर्यंत तो तसाच पाठमोरा उभा होता.